डॉक्टरांच्या मांडीतलं प्लास्टिक

पोर्टलीशमध्ये तुमच्या ओळखीच्या एखाद्या आजी-आजोबांचा खुबा बदललेला असेल. खुबा म्हणजे पाय कमरेला जिथं जोडलेला असतो, तो सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा तिथं एका वाटीत फिरतो. हा सांधा झिजला की पाऊल टाकणंही नको होतं. मग डॉक्टर तिथं नवा गोळा आणि नवी वाटी बसवतात. ही वाटी बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. ही पद्धत रुळवली ती समुद्रापलीकडे, इंग्लंडमध्ये, सर जॉन चार्नली यांनी.

चार्नलींचा जन्म 1911 चा, लँकेशायरमधल्या बेरी गावातला. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात डॉक्टर होते. पुढे विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात त्यांनी खुब्याच्या ऑपरेशनांचं केंद्र उभं केलं. यंत्रांचं वेड इतकं, की हॉस्पिटलातच वर्कशॉप होतं!

वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन निवडलं. तेच ते, नॉनस्टिक तव्यावरचं, ज्याला धिरडं चिकटत नाही. गुळगुळीत, आणि शरीराला न बाधणारं, असं तेव्हा वाटत होतं. सुमारे 300 जणांना या वाट्या बसवल्या. वर्षानुवर्षं कण्हणारी माणसं चालू लागली.

पण दोन-तीन वर्षांतच दुखणं परत आलं. वाट्या भराभर झिजत होत्या. नुसत्या झिजल्या असत्या, तर बदलता आल्या असत्या. खरा त्रास होता भुकटीचा. प्लास्टिकचा अखंड तुकडा शरीर बऱ्याचदा चालवून घेतं. त्याच्याभोवती पातळ आवरण तयार करतं आणि गप्प बसतं. बारीक कण मात्र पेशी गिळून टाकतात. ते पचत तर नाहीत! मग आणखी पेशी धावून येतात, सूज येते, गाठी होतात, शेजारचं हाडसुद्धा पोखरलं जातं. त्या वाट्या काढायची वेळ आली. ज्यांना आपण चालतं केलं, त्यांनाच पुन्हा टेबलावर घ्यायचं. चार्नलींना हे फार लागलं.

1962 मध्ये एका विक्रेत्याने दुसऱ्या प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिइथिलीनचा, तुकडा आणला. कापडगिरणीच्या मागांची चाकं त्याची करत. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा यंत्रावर घासायला लावला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. त्या श्रेयात क्रेव्हन यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

नोव्हेंबरपासून नवी वाटी वापरात आली. पण शरीर काय म्हणेल? त्यासाठी चार्नलींनी दोन्ही प्लास्टिकचे नमुने स्वतःच्याच मांडीत घातले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी होत्या. पॉलिइथिलीनच्या जागी काहीच नव्हतं. 1963 मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापलं.

पॉलिइथिलीनही झिजतं बरं का, फक्त खूप हळू. म्हणून ते आपल्या पेशंटना विचारत, की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा तपासायला परत द्याल का? बहुतेक जण हो म्हणत. 1982 मध्ये चार्नली गेले, तोवर असे बरेच सांधे परत आले होते.