उष्णतेचे गणित, गाठीचा नकाशा

स्तनाच्या कर्करोगात अनेकदा शस्त्रक्रियेआधीच केमोथेरपी देतात. गाठ आकसली तर शस्त्रक्रिया सोपी होते, काही वेळा संपूर्ण स्तन काढण्याची वेळ टळते. मात्र हे उपचार काही महिने चालतात. केस गळतात, तोंडाची चव जाते आणि रुग्ण स्त्रीच्या व घरच्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो: औषध लागू पडते आहे ना? हे लवकर कळावे म्हणून आज एमआरआयची मदत घेतली जाते. या तपासणीला ज्यांचे गणित आधार देते, ते फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांना जाऊन जवळपास दोनशे वर्षे होत आली.

फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. ख्रिस्ती साधू चालवत असलेल्या गावातल्या लष्करी शाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि तिथेच गणिताची गोडी लागली. सैन्यात अधिकारी होण्याची त्यांची इच्छा होती, पण उमराव घराण्यात जन्म नसल्याने ते दार बंद होते. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. फूरिये तिच्यात उतरले आणि १७९४ मध्ये तुरुंगात गेले. त्या दिवसांत तुरुंगातून गिलोटिनपर्यंतचा रस्ता फार लांबचा नसे. रोबेस्पिअरची सत्ता कोसळली आणि फूरिये वाचले.

१७९८ मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर ते विद्वानांच्या पथकातून इजिप्तला गेले. परत आल्यावर, १८०२ मध्ये, नेपोलियनने त्यांना ग्रनोबल येथे इझेर प्रांताचे प्रशासक नेमले. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे हे काम. बुर्गोआँ परिसरातली, आसपासच्या लोकांना तापाने हैराण करणारी दलदल त्यांनी निचरा करून कोरडी केली. त्यासाठी कितीतरी गावांची समजूत घालावी लागली. इजिप्तहून आल्यापासून त्यांना सतत थंडी वाजे. खोल्या तापवलेल्या आणि अंगावर गरम कपडे, अशी त्यांची राहणी होती.

सरकारी कामातून वेळ काढून ते उष्णतेचा अभ्यास करत. लोखंडी कडे एका जागी तापवले, तर ऊब पुढे कशी सरकते, किती वेळात कुठे किती पोहोचते, हे गणितात मांडायचे होते. डिसेंबर १८०७ मध्ये त्यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आपला निबंध ठेवला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, उष्णता पसरण्याचे समीकरण. दुसरी, कितीही वेडीवाकडी रेषा साध्या, एकसारख्या लहरींची बेरीज करून उभी करता येते, हा दावा. लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञाला तो पटला नाही. १८११ च्या स्पर्धेसाठी फूरिये यांनी निबंध सुधारून पाठवला. बक्षीस मिळाले, पण मांडणीत काटेकोरपणा कमी असल्याचा शेराही मिळाला आणि छपाई लांबली. अखेर १८२२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, पहिल्या निबंधानंतर तब्बल १५ वर्षांनी. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा आणखी ६५ वर्षे होती.

एमआरआयमध्ये त्यांचा लहरींचा सिद्धान्त कसा कामी येतो? भजनात टाळ, मृदंग, पेटी एकाच वेळी वाजतात, तरी कान त्यांचे आवाज वेगळे ओळखतो. फूरिये यांचे गणित हेच काम आकड्यांनी करते. मिसळलेल्या लहरीतून कोणती वारंवारता किती, हे ते सांगते. यंत्राच्या बलवान चुंबकात शरीरातल्या पाण्यामधली हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. चुंबकीय क्षेत्र जागोजागी थोडे कमीजास्त ठेवले, की प्रत्येक जागेच्या प्रतिसादाची वारंवारता वेगळी होते. यंत्राला ऐकू येतो तो सगळ्यांचा एकत्र गलका. तो गणिताने सुटा केला, की कोणता संदेश कुठून आला ते कळते आणि चित्र तयार होते. ही पद्धत १९७५ मध्ये झुरिकमध्ये रिचर्ड अर्न्स्ट, डीटर वेल्टी आणि भारतीय शास्त्रज्ञ अनिल कुमार यांनी मांडली.

उष्णतेचे समीकरणही वाया गेले नाही. १८५५ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडोल्फ फिक यांनी तोच नियम द्रवात मिसळणाऱ्या पदार्थांना लावला. ऊब जशी पसरते, तसेच पाण्याचे रेणूही पसरतात. कर्करोगाच्या गाठीत पेशींची दाटी असते, त्यामुळे पाण्याला हलायला जागा कमी पडते. औषधाने पेशी मरू लागल्या, की दाटी ओसरते आणि पाणी मोकळे फिरू लागते. एमआरआयने ही हालचाल आकड्यात मोजता येते, आणि तीही शिरेत काही न टोचता. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात, बारा आठवड्यांच्या केमोथेरपीनंतर या आकड्यात झालेल्या बदलावरून गाठ पूर्ण नाहीशी होईल का, याचा काहीसा अंदाज बांधता आला. अंदाज पक्का नव्हता. गाठीचा प्रकार लक्षात घेतल्यावर तो सुधारला.

दुसरी पद्धत अधिक रुळलेली आहे. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन लागोपाठ चित्रे घेतात. कर्करोगाच्या गाठीतल्या नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांत ते झटकन शिरते आणि बहुधा तितक्याच लवकर बाहेर पडते. अशा उजळलेल्या भागाचे घनफळ उपचारांदरम्यान किती घटले, हे हाताने गाठ चाचपण्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.

म्हणून प्रत्येकीने एमआरआय करून घ्यावा, असे नाही. छातीत गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर आधी डॉक्टरांची तपासणी, मग वयानुसार मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी, हाच क्रम. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या स्त्रियांसाठी दरवर्षी एमआरआय सुचवला जातो. ही तपासणी निरुपद्रवी गाठीही दाखवते, त्यामुळे विनाकारण घबराट होऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा शरीरात पेसमेकर असेल, तर ते आधी सांगायलाच हवे. केमोथेरपी सुरू असताना अहवालात गाठ लहान दिसली, तरी उरलेले डोस सोडू नयेत. आणि लहान दिसली नाही, तर पुढे कोणता पर्याय आहे, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.