पाकीट नवऱ्याच्या मालकीचं!

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर एकदा मिलिसेंट फॉसेट यांचं पाकीट मारलं गेलं. चोर पकडला गेला. आरोपपत्रात मात्र लिहिलं होतं, की एक पौंड अठरा शिलिंग सहा पेन्स असलेलं हे पाकीट बाईंच्या अंगावरून चोरलं, पण ते हेन्री फॉसेट यांच्या मालकीचं! लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू त्या काळी कायद्यानं नवऱ्याची. जणू आपल्यावरच चोरीचा आळ आला, असं बाईंना वाटलं.

नवरा मात्र लाखात एक. शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून आंधळा झालेला, तरीही लिबरल पक्षाचा खासदार. आपल्याला तो परका नाही. तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये दिलेल्या मेजवानीचा खर्च हिंदुस्थानच्या माथी मारला, तेव्हा पार्लमेंटमध्ये आवाज उठवणारा तो हाच. १८६७ च्या एप्रिलमध्ये १९ वर्षांची मिलिसेंट त्याची बायको झाली आणि त्याचे डोळेही झाली. पुढच्याच महिन्यात, २० मे रोजी, जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची सूचना मांडली. बायकांच्या सज्जातून, जाळीआडून, तिनं ती पडताना पाहिली. बाजूनं मतं पडली अवघी ७३.

खरा घाव बसला १८८४ मध्ये, आणि तोही घरच्याच पक्षाकडून. आदल्याच वर्षी निवडणूक खर्चावर कायद्यानं बंधनं आली होती. पैसे देऊन माणसं फिरवणं अवघड झालं, म्हणून सगळ्याच पक्षांना दारोदार फिरायला फुकटच्या बायका हव्याशा झाल्या. मत मात्र द्यायचं नाही! मताधिकार वाढवण्याच्या विधेयकात स्त्रियांचं कलम घातलं तर विधेयकच बुडेल, अशी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची भूमिका. स्त्रियांना शब्द दिलेल्या १०४ लिबरल सभासदांनी विरोधात मत दिलं. हेन्री तेव्हा पोस्टखात्याचे मंत्री. ते तटस्थ राहिले. ग्लॅडस्टननी राजीनामा मागितला नाही, पण कानउघाडणी केलीच. पाचच महिन्यांत हेन्री गेले. बाई ३७ व्या वर्षी विधवा झाल्या.

दोन वर्षांनी आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध म्हणून त्यांनी पक्ष सोडला. तिथे बाई चुकल्या, असं माझं मत आहे. पण मताधिकाराचा धागा सुटला नाही. पँखर्स्टबाईंच्या अनुयायी काचा फोडत असताना या अर्ज, सभा, मोर्चे यांवरच विसंबल्या. मवाळ म्हणून हसणाऱ्यांनी १९१२ साल आठवावं. लिबरल पंतप्रधान ॲस्क्विथ काही केल्या ऐकेनात, तेव्हा बाईंच्या संघटनेनं लिबरलांविरुद्ध मजूर पक्षाच्या उमेदवारांना बळ दिलं.

१९१८ मध्ये तिशीपुढच्या स्त्रियांना अटी घालून मत मिळालं, २ जुलै १९२८ रोजी पुरुषांइतकंच. त्या दिवशी ८१ वर्षांच्या बाई पार्लमेंटमध्ये हजर होत्या. सज्जाची जाळी १९१७ मध्येच काढून टाकली होती.