घरोघर जाणारी परिचारिका

मार्च १८९३. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या वस्तीत स्थलांतरित बायकांसाठी घरगुती शुश्रूषेचा वर्ग सुरू होता. त्या दिवशीचा धडा होता रुग्णाचं अंथरूण कसं घालावं याचा. शिकवत होत्या लिलियन वाल्ड. नर्सिंगचं शिक्षण पूर्ण करून त्या तेव्हा डॉक्टर होण्यासाठी शिकत होत्या. इतक्यात एक लहान मुलगी आईसाठी मदत मागत आली. वाल्ड तिच्यामागून निघाल्या.

दोन खोल्यांत सात जणांचं कुटुंब आणि वर भाडेकरू. वडील अपंग, भीक मागून पोट भरणारे. बाळंतीण रक्तस्राव होऊन दोन दिवसांपासून घाणेरड्या अंथरुणात पडलेली. वाल्ड यांनी तिला स्वच्छ केलं, अंथरूण बदललं, खोली झाडून-पुसून घेतली. त्या सकाळनंतर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय सोडलं आणि मैत्रीण मेरी ब्रूस्टर यांच्यासह त्याच भागात राहायला गेल्या.

रुग्णालयात रुग्णाचा आजार दिसतो. घरात त्याची कारणंही दिसतात. ओल, अंधार, रिकामी चूल, बुडालेला रोजगार. म्हणून परिचारिकेने शेजारीण व्हावं, अशी वाल्ड यांची धारणा होती. ‘सार्वजनिक आरोग्य परिचारिका’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. १८९५मध्ये हेन्री स्ट्रीटवर त्यांना घर मिळालं. परिचारिका तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं पाहून परतणाऱ्यांना आपल्या माणसांचा आधार लागतोच, तो या घराने दिला.

१९०२मध्ये वाल्ड यांनी लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभरासाठी शाळांमध्ये पाठवलं. डोळ्यांचे किंवा त्वचेचे आजार असलेल्या मुलांना तोवर नुसतं घरी धाडलं जाई. उपचार होत नसत, शाळाही बुडे. रॉजर्स मुलांवर उपचार करत, घरी जाऊन आयांना काळजी कशी घ्यायची ते दाखवत. मुलं वर्गात परतू लागली आणि शहराने शाळांसाठी परिचारिका नेमल्या.

१९१२मध्ये सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा वाल्डच. १ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचं निधन झालं. तोवर परिचारिकेने घरी येणं हा अमेरिकेतल्या आरोग्यसेवेचा भाग झाला होता. करुणा अंगी असावी लागते हे खरं. पण ती टिकते रुग्णाच्या घरी पाय ठेवल्याने आणि परत आल्यावर सोबत मिळाल्याने. परिचारिका घडवताना या दोन्हींची सोय हवी.