ताराबाई मोडक आणि ठोकळ्यांचं वजन

जुलैमधला दिवस. पावसामुळे शाळांना सुट्टी, फणसवाडीतल्या आमच्या चाळीची गॅलरी पाण्याने निसरडी, आणि चार वर्षांची भाची घरात कंटाळलेली. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, म्हणून तिच्या हातात फोन दिला. त्यात ठोकळे रचायचं अ‍ॅप होतं, आमच्याच टीमने बनवलेलं. दहा मिनिटांत तिने उंच मनोरा उभा केला. मी खूश!

मग बॅटरी संपली. मी तिला स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे दिले. तिने सगळ्यात छोटा डबा खाली ठेवला आणि मोठा वर. धडाम! भाची रडायला लागली.

कारण मला लगेच कळलं. आमच्या अ‍ॅपमध्ये ठोकळा नुसता जवळ नेला तरी आपोआप नीट बसतो. ते फीचर मीच लिहिलं होतं. चूक होऊच नये म्हणून. यावर वाचायला बसलो आणि ताराबाई मोडक भेटल्या.

मानाची नोकरी सोडली

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. समाजाचं मंदिर गिरगावातच आहे, आमच्या घरून चालत जाता येतं. १९१४ मध्ये ताराबाई बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी.

पुढे राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. ही मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीवर त्यांचे प्रयोग चालले होते.

मनोरा कसा शिकवतो?

मॉन्टेसरींच्या साधनांमध्ये गुलाबी मनोरा असतो. दहा घन ठोकळे. सगळ्यात लहानाची बाजू १ सेंमी, सगळ्यात मोठ्याची १० सेंमी. आता घनफळ काढा: १ घन सेंमी आणि १००० घन सेंमी. म्हणजे मोठा ठोकळा हजारपट! तो उचलायला मुलाला दोन्ही हात लागतात. क्रम चुकला तर मनोरा बेढब दिसतो किंवा डुगडुगतो. चूक दाखवायला बाईंची गरज नाही, वस्तूच दाखवते.

स्क्रीनवर दोन्ही ठोकळे एकाच बोटाने सरकतात. वजन दोघांचंही शून्य. त्यात मी पडण्याची सोयही काढून टाकलेली.

इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन बदललं

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरात काम जमलं होतं. पण ही साधनं महाग, सुताराकडून अगदी मापात करून घ्यावी लागणारी. खेड्यातल्या मुलांनी काय करायचं?

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. तिथे दगडगोटे, शंखशिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. लहान-मोठं ओळखणं, क्रम लावणं, रचणं हे सगळं तेच, फक्त वस्तू गावातल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच ठेवला, इम्प्लिमेंटेशन बदललं.

वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळा कुरणात भरवली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

तर मग आमचं काय झालं?

मीटिंगमध्ये मी सुचवलं की ते आपोआप बसणं काढून टाकूया. उत्तर आलं, मुलं वैतागून अ‍ॅप बंद करतील. ते खरंही असेल. फीचर अजून तसंच आहे, आणि ते माझ्या नावावर आहे हे मला टोचतं.

घरी मात्र पुढच्या पावसात मी भाचीसमोर पाच डबे ठेवले आणि गप्प बसलो. हेच सगळ्यात अवघड होतं. हात सारखा पुढे जात होता. डबे तीनदा पडले, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारून विचारलं काय चाललंय म्हणून. चौथ्या वेळी भाचीने मोठा डबा दोन्ही हातांनी ओढत आणून खाली ठेवला.

आजीने बघितलं आणि म्हणाली, अगं, ही तर उतरंड!

तुमच्याही स्वयंपाकघरात डबे असतीलच. पडले तर पडू द्या. फक्त काचेच्या बरण्या आधी उचलून ठेवा.