मॅनेजर नापास, इंजिनीअर शाळा सोडलेला, पहारेकरी दरोडेखोर. तरी किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला

कुठल्याही एमआयडीसीत जा आणि एखाद्या छोट्या कारखानदाराशी दहा मिनिटं बोला. ऑर्डर आहे, मशीन आहे, बँकेचं कर्जही मंजूर झालंय, पण माणसंच मिळत नाहीत, हे तो सांगणारच. मिळाली तर टिकत नाहीत आणि टिकली तर कामाची निघत नाहीत. हिशेब कुणाच्या हातात द्यायचा, मशीनवर कुणाला उभं करायचं, गोडाऊनची किल्ली कुणाकडे ठेवायची, या तीन प्रश्नांपायी कित्येक धंदे आहेत तिथेच अडकून पडतात.

आता असाच एक छोटा कारखानदार डोळ्यांसमोर आणा, पण ११५ वर्षांपूर्वीचा. त्याला राहत्या शहरातून कारखाना हलवावा लागतोय. नवीन जागा म्हणजे निवडुंग आणि नागांनी भरलेलं माळरान. गाव नाही, घरं नाहीत. तिथे कामाला येणार कोण?

तो कारखानदार म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. नांगर, पंप आणि इंजिनांमुळे त्यांचं आडनाव गावोगावी पोहोचलं. पण माळरानावर त्यांनी कोणत्या माणसांच्या हाती कोणती कामं दिली, हा किस्सा नांगराइतकाच भारी आहे.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. पोरगं मात्र पुस्तकात रमायचं नाही. त्याला आवड दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं.

१८८५ साली वडिलांचा विरोध पत्करून लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पैशांची बाजू थोरले बंधू रामूअण्णा यांनी सांभाळली. दोनेक वर्षं गेली आणि लक्षात आलं की लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच कळत नाही. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

पण त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग ओळखावे लागत नाहीत. लक्ष्मणराव ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, महिना ४५ रुपयांवर शिकवायला लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळायला मिळाली.

पुढे बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला.

हे दोन्ही प्रसंग लक्षात ठेवा. एका ठिकाणी ज्या कामात आवड होती त्यात शरीराने साथ दिली नाही. दुसऱ्या ठिकाणी काम येत असूनही जन्मावरून डावललं गेलं. पुढे माणसं घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी समोरच्याचा कागद आणि कूळ बाजूला ठेवलं.

दोघे भाऊ, दोन वेगळी कामं

१८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ सुरू झालं ते सायकलच्या धंद्यातून. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. सायकल ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती. एकेक सायकल ७०० ते १००० रुपयांना जायची आणि चालवायला शिकवण्याचे रामूअण्णा १५ रुपये वेगळे घ्यायचे.

धंद्यातली पहिली वाटणी इथेच झाली. वस्तू पारखायची, यंत्र समजून घ्यायचं, ते काम लक्ष्मणरावांचं. माणसांशी बोलायचं, व्यवहार बघायचा, ते रामूअण्णांचं. ही वाटणी सायकलीचं दुकान मागे पडल्यावरही तशीच चालली. छोट्या धंद्यात मालक एकटाच खरेदी, विक्री, हिशेब, दुरुस्ती सगळं करत बसतो आणि मग दमतो. लक्ष्मणरावांना आपण कशात चांगले आहोत हे माहीत होतं आणि बाकीचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

नोकरी सोडून बेळगावात आल्यावर त्यांनी छोटा कारखाना टाकला. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. शेतकऱ्यांना वाटायचं की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल. त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. हळूहळू गाडी रुळावर येत होती, तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने नवीन वस्तीसाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं.

माळरानावर कोण आलं?

मदतीला धावून आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्जही दिलं. जागा ठरली कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची, ३२ एकर. रेल्वे जवळ, म्हणजे लोखंड आणता येणार आणि नांगर पाठवता येणार. बाकी तिथे होता नुसता निवडुंग आणि साप.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस.

लक्ष्मणरावांच्या मागोमाग सुमारे २५ कामगार आपापल्या बायकापोरांसह त्या माळावर आले. शहर सोडून, जिथे डोक्यावर छप्पर नाही अशा जागी. कारखाना चालेल की बुडेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

अशा ठिकाणी शहरातला शिकलेला इंजिनीअर किंवा अनुभवी मॅनेजर कशाला येईल? कारखान्याला तर सगळंच लागणार होतं. वसाहत आखायला एक जण, भट्टी आणि यंत्रं बघायला एक जण, हिशेबाला एक जण, सगळीकडे धावपळ करायला एक जण आणि रात्री राखण करायला कोणीतरी. म्हणून लक्ष्मणरावांनी आहेत त्या माणसांकडे नीट बघितलं.

वसाहत उभारायची आणि तिचा कारभार बघायचा, हे काम रामूअण्णांकडे गेलं. घरं कुठे, रस्ता कुठे, पाणी कुठून, ही सगळी आखणी त्यांची.

यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांकडे आली. ओतकामाच्या कारखान्यात हे पद फार नाजूक असतं. साचा बिघडला की ओतलेलं लोखंड वाया, लोखंड वाया गेलं की कोळसा वाया आणि ठरलेल्या तारखेला माल जाणार नाही तो वेगळाच.

हिशेबाची वही मंगेशराव रेग्यांच्या हाती. कारकुनी तेच करायचे आणि मुख्य हिशेबनीसही तेच होते. रेल्वेने माल जाणार आणि पैसे मागून येणार, अशा धंद्यात कुणाकडून किती येणं बाकी आहे हे ज्याला माहीत, त्याच्यावर कारखान्याचा श्वास चालतो.

के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. लक्ष्मणरावांनी त्यांना मॅनेजर केलं. पडेल ते काम अंगावर घेणारा माणूस नव्या कारखान्याला हवाच असतो आणि कुलकर्णी नेमके तसे निघाले.

अनंतराव फळणीकरांनी शाळाच अर्धवट सोडलेली. पण डोक्यात कल्पना चालायच्या आणि हातात कसब होतं. किर्लोस्करवाडीत ते इंजिनीअर म्हणून नावाजले गेले.

नापास झालेला आणि शाळा सोडलेला, असे दोन जण मोक्याच्या जागांवर. आजच्या भाषेत सांगायचं तर यांचा बायोडेटा पहिल्याच चाळणीत बाहेर पडला असता.

किल्ली दिली दरोडेखोरांच्या हाती

आता सगळ्यात मोठा जुगार बघा.

माळरानावरचा कारखाना म्हणजे चोरांना आयतं कुरण. लोखंड, हत्यारं उघड्यावर पडलेली, आजूबाजूला वस्ती नाही आणि कामगारांची बायकापोरं तिथेच राहणारी. राखणदार कसा हवा? सरळ उत्तर म्हणजे, ज्याच्या नावावर एकही डाग नाही असा.

लक्ष्मणरावांनी नेमले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले.

यामागे असलेला काळ समजून घ्यायला हवा. रामोशी समाज पिढ्यानपिढ्या गडकिल्ल्यांची आणि गावांची राखण करत आलेला. पुरंदरच्या परिसरातले उमाजी नाईक याच समाजातले. इंग्रज आले, किल्ल्यांवरचं काम गेलं, वतनं गेली. ज्यांच्यावर राखणीचा भरवसा होता, त्यांच्यावरच चोर म्हणून शिक्का बसला. पुढे तर इंग्रज सरकारने कायद्यानेच काही जाती-जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून टाकल्या. रामोशी समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, तो याच इतिहासामुळे. मांग समाजाच्या वाट्याला तर संशयासोबत अस्पृश्यताही आली होती.

अशा दोन माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची आणि घरादारांची राखण दिली. माणूस मुळात चांगला असतो आणि त्याला सुधारता येतं, ही त्यांची श्रद्धा होती. पण त्यात व्यवहारही होता. रात्रीच्या अंधारात माळरान ओळखणारी, चोर कुठून येतो हे जाणणारी माणसं यांच्याइतकी दुसरी कोण मिळणार?

भरवसा टाकला नसता तर कदाचित पुन्हा दरोडे पडले असते. टाकला आणि तो फसला असता, तर नुकसान एकट्या लक्ष्मणरावांचं नव्हतं. त्यांच्या शब्दावर शहर सोडून आलेली सगळी कुटुंबं धोक्यात आली असती. पण तसं झालं नाही. ते दोघं किर्लोस्करवाडीचे भरवशाचे पहारेकरी म्हणूनच ओळखले गेले.

लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी घातली होती. नाहीतर दिवसा विटाळ मानायचा आणि रात्री त्याच माणसाच्या जिवावर झोपायचं, असा प्रकार झाला असता.

माणसं टिकली कशी?

माणूस शोधणं हे अर्धं काम, तो टिकवणं हे उरलेलं अर्धं. युरोपात काही कारखानदारांनी कामगारांसाठी गावं वसवली आहेत, हे लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. किर्लोस्करवाडी ही भारतातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठरली. काम आणि संसार एकाच गावात असल्यावर कामगाराला ते गाव आपलं वाटू लागतं.

धंदा वाढत गेला. नांगरासोबत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप बनू लागले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली.

त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. शंकरराव चित्रकला शिकलेले. लोखंडाच्या कारखान्यात चित्रकाराचं काय काम, असं कुणीही म्हणालं असतं. इथे त्यांना जाहिरातीचं काम मिळालं. कारखान्याच्या बातमीपत्रातून मराठीतलं नावाजलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही आली.

मग शिक्षण नकोच का?

हा किस्सा वाचून डिग्री फेकून द्यावीशी वाटत असेल, तर जरा थांबा.

लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव याला अमेरिकेत एमआयटीमध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला पाठवलं. १९२६ साली शंतनुराव परत आले आणि किर्लोस्करवाडीतच कामाला लागले. त्याच सुमारास कारखान्यात पंप आणि डिझेल इंजिनं बनायला लागली. नांगर बनवताना हाताचं कसब पुरत होतं. इंजिन बनवायचं तर गणित आणि शास्त्र लागणार होतं. काम बदललं, तशी लागणारी माणसंही बदलली. पुढे याच पिढीने हरिहर, पुणे आणि बंगळूरला कारखाने उभे केले.

महत्त्वाच्या काही जागांवर घरचीच माणसं होती, हेही खरं आहे. भाऊ, पुतण्या, मुलगा. पण लक्ष्मणराव घरच्यांवरच थांबले असते, तर रेगे, जांभेकर, कुलकर्णी आणि फळणीकर कुठे दिसलेच नसते. कितीतरी कौटुंबिक धंदे अडकतात ते इथेच. बाहेरच्या माणसाला पगार मिळतो, पण अधिकार मिळत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव वारले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात हे स्टेशन आहे.

आज दुकान, वर्कशॉप किंवा हॉटेल चालवणाऱ्यांनी यातून काय उचलायचं? आपल्या धंद्यात नेमकी कोणती कामं अडली तर सगळंच अडतं, हे आधी कागदावर लिहून काढायचं. त्यातली आपल्याला न जमणारी कामं कोणती, हे प्रामाणिकपणे ठरवायचं. मग आजूबाजूला आधीच काम करत असलेल्या माणसांकडे बघायचं. कोण न सांगता पुढचं काम उचलतो, कुणाचा हिशेब कधी चुकत नाही, कुणाच्या हातून बंद पडलेलं मशीन सुरू होतं. त्यांना छोटी जबाबदारी द्यायची, मग मोठी. आणि एकदा जबाबदारी दिली की अधिकारही द्यायचा.

जाहिरात द्यायची ती त्यानंतर.