डॉक्सीच्या घराण्यातला मॅट्रिक-फेल माणूस

पावसाळ्यात मीरा रोड किंवा भाईंदरला उतरून गुडघाभर पाण्यातून घर गाठलंय कधी? मग डॉक्टरांनी पायाला जखम आहे का हे बघून चिठ्ठीवर डॉक्सीसायक्लीन लिहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येणाऱ्या लेप्टोवर हा उपाय. असं पाणी तुडवलं असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटून औषध घ्या, असं मुंबईत दर पावसाळ्यात सांगितलं जातं. पिंपल्स घेऊन स्किनवाल्या डॉक्टरांकडे गेलात तरी हीच गोळी मिळू शकते. (स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत. आणि दुधासोबत तर घेऊच नका, अंगाला नीट लागत नाही.)

नावाची गंमत बघा. ऑक्सिटेट्रासायक्लीनच्या रेणूतला एक ऑक्सिजन कमी केला की ते होतं डीऑक्सी, आणि त्याचंच आखूड रूप डॉक्सी. टेट्रासायक्लीन म्हणजे चार कड्या जोडलेला रेणू. ग्रीक टेट्रा हा आपल्या ‘चतुर्’चा भाऊबंद, आणि सायकल हा ‘चक्रा’चा. दहावीला स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलं असेल तर खुशाल चतुश्चक्र म्हणा.

या घराण्यातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन. ते 1948 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून बाहेर आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 चा, आंध्रातल्या भीमावरमचा. घरची परिस्थिती ओढाताणीची. हा मुलगा तेराव्या वर्षी घरातून पळाला. काय करायला? वाराणसीला यात्रेकरूंना केळी विकून पैसे कमवायला! आईने परत आणून शाळेत बसवलं. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा सुटला. एटीकेटीच्या रिझल्टने जीव टांगणीला लागलेल्यांनी हे वाचून ठेवा, पण घरी दाखला म्हणून देऊ नका, चालत नाही.

पुढे संन्यास घ्यायचं डोक्यात आलं, आईने परवानगी नाकारली. मग मद्रासचं मेडिकल कॉलेज. दिवस गांधीजींच्या चळवळीचे. सुब्बाराव ऑपरेशन थिएटरमध्ये खादीचा कोट घालून गेले आणि सर्जरीचे इंग्रज प्रोफेसर बिनसले. पदवी हाती आली ती एमबीबीएस नव्हे, तर तिच्याहून कमी मानाची एलएमएस. त्याआधीच दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले होते. आजार स्प्रू. यात आतडी अन्न शोषत नाहीत, माणूस झिजत जातो. ही जखम त्यांनी आयुष्यभर वागवली असावी, असं मला वाटतं.

1920च्या दशकाच्या सुरुवातीला सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला पोहोचले. बायको मागे राहिली आणि दोघांची पुन्हा भेट झालीच नाही. शिकण्याचा खर्च भागवायला डॉक्टर असलेला हा माणूस हॉस्पिटलात रात्रपाळीला रुग्णांची भांडी साफ करायचा. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्त-लघवीतलं फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. बायोकेमिस्ट्री घेतली असेल तर प्रॅक्टिकलमध्ये फिस्के-सुब्बाराव नाव भेटलं असेल, तेच हे. स्नायूंना ताकद पुरवणाऱ्या एटीपीवरचं 1929चं कामही या जोडीचं. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. हार्वर्डमधले त्यांचे सहकारी आणि पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी तर नंतर म्हणून ठेवलंय की, सुब्बाराव यांचं काही काम फिस्के यांनी बाहेरच येऊ दिलं नाही, दुसऱ्यांना ते पुन्हा शोधावं लागलं.

1940 मध्ये ते लेडर्लेत गेले आणि मग कामांची रांगच लागली. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरांना मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या अ‍ॅनिमियावर काम करताना यीस्टमध्ये एक गुणकारी द्रव्य असल्याचं दिसलं होतं. ते फॉलिक अ‍ॅसिड. सुब्बाराव यांच्या टीमने 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि ते स्प्रूवरही चाललं. भाऊ जाऊन तोवर पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरची सुरुवातीची औषधं आणि हत्तीपायासाठी आजही वाटली जाणारी डीईसीची गोळी याच टीमची.

आता ऑरिओमायसिन. टेट्रासायक्लीन सुब्बाराव यांनी शोधलं असे फॉरवर्ड तुम्हाला आले असतील. ते तंतोतंत खरं नाही. मिझुरीतल्या एका शेताच्या मातीतला सोनेरी जिवाणू हेरला बेंजामिन डगर यांनी. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या या वनस्पतीशास्त्रज्ञाला लेडर्लेत काम मिळालं होतं. सोन्याला लॅटिनमध्ये ऑरम म्हणतात, त्यावरून नाव ऑरिओमायसिन. पेनिसिलिन जिथे हात टेकायचं अशा कितीतरी जंतूंवर ते चालायचं. मातीचे नमुने तपासायचा हा सगळा कारखाना सुब्बाराव यांनी चालवला. जाहीर करायची वेळ आली की पुढे इतरांना उभं करायचं, ही त्यांची रीत. मला यात साधेपणाइतकाच हार्वर्डचा अनुभवही दिसतो. आपल्यावर जे गुदरलं ते हाताखालच्यांवर गुदरू द्यायचं नाही, असं काहीतरी.

औषध जाहीर झालं जुलै 1948 मध्ये. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय 53. भारतात ते परतलेच नव्हते आणि अमेरिकेचे नागरिकही झाले नव्हते. 1994 मध्ये बीड आणि सुरतेत प्लेगची घबराट पसरली तेव्हा दुकानांतून टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल गायब झाल्या होत्या, घरच्या मोठ्यांना विचारा. पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. एका बुरशीला मात्र त्यांचं नाव 1953 सालीच मिळालं होतं, सुब्बारोमायसिस. ती सांडपाणी गाळायच्या थरांमध्ये वाढते.