विश्लेषण : कोणाकडेही न मागता पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती’ कसे चालले?

१९०० च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर दोन हजारांच्या आसपास मुली आणि स्त्रिया राहत होत्या. रोजचे दोन वेळचे जेवण, पाणी, कपडे, औषधे... आणि एवढ्या जणींच्या खर्चाची हमी कोणीच घेतलेली नव्हती. गरज देवाला सांगायची, माणसांना नाही, अशी संस्थाप्रमुख पंडिता रमाबाईंची धारणा होती. मग हा गाडा चालला कसा?

उपासमार आधी घरातच...

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत. मुलींनाही त्यांनी संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. देव पावेल या विश्वासाने उरलासुरला पैसा देवाधर्मात गेला. शेवटी कुटुंबाने जंगलात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढले. काही महिन्यांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. हे सारे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. ‘देव देईल’ या भरवशाचा इतका कडू अनुभव विशीच्या आत घेतलेली बाई पुढे पुन्हा त्याच भरवशावर संस्था उभी करते, ही गोष्ट चक्रावून टाकणारी आहे.

हा विचार आला कुठून?

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले, ते नंतर पुण्यात आले. खर्च अमेरिकेतील रमाबाई असोसिएशन उचलत असे, पण फक्त दहा वर्षांसाठी. मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्याआधी दोन-तीन वर्षे त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर यांचे चरित्र आले. म्युलर यांनी ब्रिस्टलमध्ये पाच मोठी अनाथालये बांधली, हयातीत १० हजारांहून अधिक मुले सांभाळली. वर्गणी मागितली नाही, कर्ज काढले नाही. अशा कामाला ‘फेथ मिशन’ म्हणतात.

रमाबाईंनी मात्र नुसती प्रार्थना केली नाही. मदत थांबल्यावर उत्पन्न असावे म्हणून केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली.

कसोटी कधी लागली?

१८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. असोसिएशनचा पैसा ठरावीक मुलींपुरताच होता. त्यात पुण्यात प्लेग आला, निर्बंध आले आणि मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. बागेला फळे येण्याआधीच तिथे वस्ती झाली. तेच ‘मुक्ती’. पाठोपाठ १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या. स्वतः उपाशी राहिलेल्या रमाबाईंना या मुलींना परत पाठवणे शक्यच नव्हते. आधी तरतूद, मग प्रवेश हा हिशेब त्यांनी उलटा केला.

मग पैसे कुठून आले?

मुख्यतः परदेशातील ख्रिस्ती देणगीदारांकडून. इथे एक आक्षेप रास्त आहे. ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे इंग्रजी पत्रक संस्थेची हकिगत परदेशी पोहोचवत असे. गरज छापून कळवणे म्हणजे मागणेच नाही का? म्युलर यांच्या वार्षिक अहवालांबाबतही हाच प्रश्न विचारला जातो. थेट याचना नव्हती, पण कोणाला काही कळतच नव्हते असेही नाही.

दुसरी बाजू कष्टाची. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना ही सगळी कामे मुलीच करत. छापखान्यात खिळे जुळवायलाही त्याच. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. तेल, कापड, दूध यांचा काही भार त्यामुळे घरातच उचलला जाई.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी आणि कामातील उजवा हात असलेली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावला ‘मुक्ती’चे काम आजही सुरू आहे.